इष्णूचा पेचकस

माणसं गाणं कानानं ऐकतात. आमचा इष्णू मिस्तरी पेचकसानं ऐकतो. टेपचा लाकडी भोंगा समोर ठेवायचा, पेचकसाचं टोक त्याला टेकवायचं, मूठ कानाच्या भोकाशी धरायची, डोळे मिटायचे आणि तोंड असं करायचं की दाढ दुखतेय पण मजा येतेय. पाण्याच्या मोटारीचं बेरिंग गेलंय का शाबूत आहे, हे सगळे मिस्तरी असंच ऐकतात, त्यात नवल नाही. पण परदेशातून आलेल्या कॅसेटीचं बेरिंग ऐकणारा उभ्या बीड जिल्ह्यात हा एकटाच.

मी घाटनांदूरला बाजारगल्लीत ब्लाउज शिवते. माझ्या दुकानाची आणि इष्णूच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानाची भिंत एकच, तीही चार इंची. त्यामुळे गेली अकरा वर्षं तो जे ऐकतो, ते मीही ऐकते. माझी मर्जी कुणी विचारली नाही.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हातातल्या कात्रीसकट पळत गेले. वाटलं, मोटार पेटली. बघते तर हा स्टुलावर निवांत, पेचकस कानाला, आणि टेपातून असा आवाज की दहा गिरण्यांत एकदम खडे पडलेत.

"इष्णू! अरे बंद कर की मेल्या, जळलं काहीतरी!"

"दम धरा अक्का," डोळे न उघडता म्हणाला, "अजून उघडला न्हाई."

"काय उघडला न्हाई?"

"आवाज."

हे त्याचं पालुपद. चहा कसा झालाय विचारा, नवा सरपंच कसा आहे विचारा, उत्तर तेच. दम धरा, अजून उघडला न्हाई.

तर जगात अशी माणसं आहेत म्हणे, फिनलंडात, जपानात, पोलंडात, जी तळघरात बसून पत्र्याचे, मोटारीचे, रेडिओच्या खरखरीचे आवाज कॅसेटीवर भरतात. पन्नासच कॅसेटी काढायच्या, प्रत्येकीवर हातानं नंबर घालायचा आणि जगात जे पन्नास येडे असतील त्यांना पाठवायच्या. त्यातला एक येडा माझ्या भिंतीपलीकडं. ज्या कॅसेटीत ढोल, गिटार आणि फाटलेलं नरडं असतं तिला इष्णू 'मेटल' म्हणतो. ज्यात नुसताच जाळ असतो ते 'नॉइज'. आणि ज्यात काहीच घडत नाही, फक्त तासभर काळोख घुमत राहतो, तिला तो 'अंधारी' म्हणतो. मेटलच्या कव्हरावर नाव लिहिलेलं असतं, पण ते वाचता येत नाही. बाभळीच्या फांद्या एकात एक अडकवून ठेवल्यागत अक्षरं. त्याच्या आईनं पहिलं कव्हर बघितलं तेव्हा म्हणाली होती, "कुपाटी लई चांगली घातलीय, शेळी जायची न्हाई आत."

ह्या कॅसेटी त्याला फुकट येतात. बदल्यात तो ऐकून काय वाटलं ते लिहून पाठवतो. मराठीत. दोनशे पानी वहीत लिहायचं, पानाचा फोटो काढायचा आणि धाडायचा. तिकडं ते मोबाइलवर भाषांतर करून वाचतात. काय वाचत असतील देव जाणे, पण कॅसेटी येतच राहतात. पोस्टमन गल्लीत सांगत फिरायचा की इष्णूला फॉरेनचं औषध चालू आहे.

लग्नाचंही एकदा जमत आलं होतं. मुलीकडच्यांनी कौतुकानं विचारलं, "पाव्हण्याला गाण्याची आवड हाय म्हणं?" ह्या शहाण्यानं मोबाइल काढून लावली की एक अंधारी. कांदापोहे हातातच राहिले. मुलीची आजी म्हणाली, "पोराच्या खिशात मेलेलं माणूस हाय," आणि मुलीला आत घेऊन गेली. त्यानंतर इष्णूनं तो विषय काढला नाही, आणि दुसऱ्या कुणी काढला तर, अजून उघडला न्हाई.

गिऱ्हाइकांचंही तसंच. एक शेतकरी मोटार न्यायला आला. टेप चालू होता.

"मिस्तरी, बेरिंग गेलं की वो ह्याचं!"

दुसरा कुणी हसला असता. इष्णूनं टेपकडं बघत गंभीरपणे विचारलं, "वरचं का खालचं?"

"खालचं. आन् बुश बी झिजलाय बगा."

इष्णूनं हातातली मोटार बाजूला ठेवली, वही उघडली आणि हे सगळं त्या माणसाच्या नावानिशी लिहून घेतलं. "बराबर हाय," मला म्हणाला, "मला नुसतं बेरिंग कळलं, बुश त्यांना कळला."

मी बेजार होते, खोटं कशाला बोलू. त्यात माझ्या शिलाई मशीनला ह्यानंच मोटार बसवून दिलेली, ती पायडल दाबलं की घुमायची. बारीक, शिट्टीसारखी, पाय काढेपर्यंत थांबायची नाही. वर्षभर सांगत होते की बाबा, हे घुमणं काढ. जगाची खरखर तुझ्या कानाला कळते, शेजारणीच्या मशीनची कळत नाही का? तर म्हणे, दम धरा अक्का.

माझं मन फिरलं ते मेंढरांमुळं. आमच्या गल्लीतून म्हादूबा धनगर कळप घेऊन जातो. एकदा इष्णूनं अंधारी लावलेली आणि कळप दुकानासमोर उभा राहिला. सव्वाशे मेंढरं, एक हलेना, एक बें करेना. म्हादूबानं काठी आपटली, शिव्या दिल्या, मग स्वतःही गप उभा राहिला. कॅसेट संपली तशी मेंढरं आपली आपण चालू लागली. म्हादूबा इष्णूला म्हणाला, "हे ज्यानं केलंय त्यो रानात एकटा ऱ्हायलेला हाय." इष्णूनं लगेच वही काढली.

मला वाटलं, जनावराला कळतं ते आपल्याला कळू नये? दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. गेले आणि म्हटलं, "लाव, आण तो पेचकस." आधी काहीच नाही. मग काहीतरी आहे असं वाटलं. मग ते इतकं मोठं झालं की मी कुठं संपते ते कळेना. लहानपणी उन्हाळ्यात कोरड्या विहिरीत वाकून बघायचे, तेव्हा खालून जी गार हवा तोंडावर यायची, ती मला पस्तीस वर्षांनी घाटनांदूरच्या बाजारगल्लीत आली. डोळे उघडले. इष्णू माझ्याकडं बघत होता.

"उघडला?"

"उघडला रे बाबा," मी म्हटलं.

त्या दिवशी मी त्याची वही मागून घेतली. काय लिहितो हा माणूस! एका पानावर होतं: "जपान. नॉइज. थ्रेशरमधी ओली तूर घातलीय. मालक बांधावरून वरडतोय पण थ्रेशर बंद करायचं कुणाच्या ध्यानात न्हाई. तूर सपती तरी थ्रेशर चालूच. तिथं मला भ्या वाटलं." दुसऱ्यावर: "मेटल. नरडंवाला रागात न्हाई. त्याचा बैल हरवलाय. ढोलवाल्याला यष्टी गाठायची हाय." आणि एक अंधारीचं: "पोलंड. बोअरला पाणी लागलं न्हाई. गाडी निघून गेली, समदे घरी गेले. मग भोकाला कान लावला तर जे ऐकू येतं ते." हे शेवटचं त्या पोलंडवाल्यानं पुढच्या कॅसेटीच्या काळ्या कव्हरावर जसंच्या तसं छापलं. इष्णूच्या अक्षरात, मराठीत. मी हात पदराला पुसून ते कव्हर हातात घेतलं होतं. आमच्या गावचं वाक्य पोलंडला जाऊन आलेलं.

पण वही चाळताना माझं लक्ष दुसरीकडंच गेलं. गेल्या दोन वर्षांच्या प्रत्येक पानाखाली एक ओळ होती. "माय – न्हाई." पुढच्या पानावर, "माय – न्हाई." त्याच्या पुढं तेच.

सुंदरामावशी, म्हणजे इष्णूची आई, दोन वर्षांपूर्वी अर्धांगानं पडली. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तेव्हापासून दुकानामागच्या खोलीत, माझ्या भिंतीला लागून, खाटेवर असते. नजर छताला. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलं की कान शाबूत आहेत, ओळखीचं काही ऐकवत राहा, कधी काय जागं होईल सांगता येत नाही. इष्णूच्या बहिणीनं नारायणगडाचा अंगारा आणला, कानाशी अभंग म्हटले. भाच्यांनी हाका मारल्या. मीही रोज जाऊन गल्लीतल्या भानगडी सांगते, एरवी मावशीचा आवडता विषय. पापणी हलली नाही. इष्णूला काही मोठं नको होतं. तिनं एकदा बोलावं, काहीही, एवढंच.

"म्हणून तू हिला हे ऐकवतोस? अरे, हिला काय फिनलंड कळतंय?" मी म्हटलं.

इष्णू वार्निश लागलेली बोटं पुसत बसला. मग म्हणाला, "अक्का, मी ऊसतोडीवर जल्मलो. कारखान्याच्या भिंतीला लागून आमची पाचटाची कोपी. रातंदिस कारखाना चालू. माय भाकरी थापायची आन् माझ्या झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून झोका द्यायची. मला त्याच आवाजात झोप लागायची. ऊस कमी पडून कारखाना थांबला की मी रडत उठायचो, असं तीच सांगायची. पयली कॅसेट ऐकली ना, तवा मी रडलतो. तिच्यात थोडा कारखाना व्हता. थोडाच. तवापासून हुडकतोय."

"मग कारखान्यावर जाऊन भरून आण की!"

"गेलतो. भंगारात गेला समदा. पत्रे बी न्हाईत."

अकरा वर्षं ह्या माणसाच्या नावानं मी बोटं मोडली होती. घरी जाऊन भाजी करपवली.

दिवाळी झाली, तोडीला जाणारी माणसं गेली, गल्ली ओस पडली. माझ्याकडं एका लग्नाचे चौदा ब्लाउज होते. फिनलंडवरून एक कॅसेट आली. तिथल्या कुणीतरी कागदाच्या कारखान्याच्या भिंतीला माइक चिकटवून आतला आवाज भरला होता. दुपारी इष्णूनं ती आईच्या खोलीत लावली. मी इकडं मशीनवर होते.

"अक्काऽ! या! अंगठा हालला!"

मी उठून पळाले. मावशी तशीच, नजर छताला. डाव्या पायाचा अंगठा खिळ्यासारखा स्थिर.

"आत्ता हालत व्हता, आईशप्पत!"

परत आले, मशीनवर बसले. चार टाके नाही घातले तोच परत, "अक्काऽ!" परत पळाले. परत काही नाही. तिसऱ्यांदा तसंच. मला धाप लागली, रागही आला.

"माझं तोंड बघून थांबती व्हय रे तुझी माय?"

कॅसेट चालू होती. इष्णूनं पेचकस भोंग्याला लावून ऐकलं. मग खाटेच्या दांडीला. मग सावकाश आमच्या भिंतीला. भिंतीत काहीच नव्हतं, मशीन मी बंद करून आले होते.

"शीळ न्हाई ह्यात," तो हळूच म्हणाला. "फिनलंडच्यात गिरणी हाय. आमच्या कारखान्याच्या टर्बाइनची शीळ न्हाई. ती तुमच्या मशीनमधी हाय, अक्का, तुमी उठला की बंद पडती. तुमी जावा. बसा मशीनवर. उठू नका. मी हाक मारली तरी उठू नका."

मी गेले. पायडल दाबलं. मशीन घुमायला लागलं, तेच मेलं घुमणं, ज्याला वर्षभर शिव्या घातल्या होत्या. भिंतीपलीकडं फिनलंडचा कारखाना, अलीकडं मी. एक बाही झाली, दुसरी झाली. काय चाललंय ते दिसत नव्हतं. डोळे सुईवर, सगळा जीव कानात. देवाला म्हटलं, आता लाइट घालवू नकोस रे बाबा.

आणि मग भिंतीतून आवाज आला. जड, जाडा, दोन वर्षं गंजलेला. मी मावशीचा आवाज विसरले होते, पण ऐकल्यावर कळलं.

"निज… निज रं… चालू हाय… कारखाना."

पंचेचाळीस वर्षांचा मिस्तरी बारीक आवाजात म्हणाला, "व्हय माय. निजतो."

मी उठले नाही. ब्लाउजचं कापड संपलं, बॉबिनचा दोरा संपला, सुई नुसती वरखाली होत होती. डोळ्यांना पदर लावला, पाय काढला नाही.

त्या दिवसाचं पान त्यानं मला दाखवलं. "फिनलंड. सोबत अक्काचं मशीन, घाटनांदूर." मग बाकीचं पान कोरंच. खाली, "माय – हाय."

नंतर एकदा तो पेचकस घेऊन आला आणि म्हणाला, "अक्का, वर्षभर म्हणत व्हता ना, घुमणं काढून देऊ का?" मी म्हटलं, "मशीनला हात लावशील तर बोटं छाटून हातात देईन."

मावशी रोज बोलत नाही. दहा दिवसांतून एखाद्या दुपारी, आणि तेवढंच बोलते. आम्ही रोज कॅसेट लावतो. दुपारी दोनला गिऱ्हाईक आलं तर मला मशीनवर बसलेली बघतं, सुईखाली काही नाही, पायाखाली पायडल दाबलेलं. विचारतात, "अक्का, काय शिवताय?" मी त्यांना बोटानं गप करते आणि बसायला स्टूल देते.