तिजोरीला चार माणसं लागतात

माणसाने आयुष्यात एकदा तरी मोठी वस्तू घ्यावी, पण घेण्याआधी घराचं दार मोजावं. हे शहाणपण मला एकाहत्तराव्या वर्षी आलं. त्याआधी मी कागदाच्या गिरणीत अडतीस वर्षं यंत्रं दुरुस्त केली आहेत, हे मुद्दाम सांगून ठेवतो. पुढे तुम्हाला तसं वाटणार नाही.

सुरुवात माझ्या मुलीच्या फोनने झाली. कोरीन मिनियापोलिसला असते. गाडीने तीन तास. (आर्डिस, म्हणजे माझी बायको, गेली त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून हा रस्ता दरवर्षी थोडा थोडा लांब होत चाललाय.)

"बाबा, थँक्सगिव्हिंगला आम्ही तुमच्याकडे यायचं म्हणतोय."

मी खुर्चीतून उभाच राहिलो. फोनवर बोलताना उभं राहायचं काही कारण नसतं, पण राहिलो.

"पण एक अट आहे," ती म्हणाली. "मेझी आता तीन वर्षांची झालीय. दिसेल त्याला हात लावते. तुमच्या बंदुका कुलपात नसतील तर आम्ही गाडीतून खाली उतरणारसुद्धा नाही."

"अगं, सगळ्या नीट ठेवल्यात."

"स्वयंपाकघराच्या दारामागे एक उभी असते."

"ती कोल्ह्यासाठी."

"फ्रीजवर?"

"तो कोल्हा दोन्ही बाजूंनी येतो."

"आणि आईच्या शिवणाच्या कपाटात?"

ती आर्डिसची स्वतःची रायफल. तिनेच तिथे ठेवली होती, आणि तिथून हलवायला माझा हात धजला नव्हता.

तर दुसऱ्या दिवशी मी शहरातल्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात हजर. तिथे ब्रेंट नावाचा एक गुटगुटीत विक्रेता माझ्यावर धावून आला.

"काका, बंदुका किती?"

"सात."

"मग छत्तीस जागांची तिजोरी घ्या."

"अरे, सातांना छत्तीस जागा?"

"बंदुकांचं असंच असतं काका. बघता बघता वाढतात."

माझ्या घरात गेल्या तीन वर्षांत धूळ सोडून काही वाढलेलं नव्हतं. पण हे त्याला कशाला सांगा?

"आता आगीचं बघू," तो म्हणाला. "अर्धा तास टिकणारी, एक तास टिकणारी आणि दोन तास टिकणारी. समजा, तुम्ही बाहेर आहात आणि घराला आग लागली. बंबवाल्यांना फोन कोण करेल?"

"मी आल्यावर करीन."

"नाही, पण घरात दुसरं कोण असतं?"

"कोणी नाही."

"बरं, तुम्ही गाढ झोपलात. धूर झाला. उठवायला कोण?"

"अरे बाबा, कोणी नाही म्हटलं ना!"

माझा आवाज चढला असावा. बंदुकीच्या गोळ्या बघत असलेले दोघेजण माझ्याकडे वळून बघायला लागले. ब्रेंटने आवाज खाली आणला.

"मग काका, तुम्ही दोन तासांचीच घ्या."

माझ्या एकटेपणाचं इतकं नेमकं माप आजवर कोणी काढलं नव्हतं. मी दोन तासांची घेतली. माझ्यापेक्षा उंच, हिरवीगार, दारावर जहाजाला असतं तसं चाक. वजन हजार पौंड.

"गाडी अंगणापर्यंत आणून देईल," ब्रेंट म्हणाला. "आत न्यायला चार माणसं लागतील. आहेत ना?"

"चार? चाळीस आहेत!"

(अपमान झालेला माणूस पहिलं खोटं आकड्यांत बोलतो.)

घरी येताना मी गाडीत मोजायला लागलो. हरणाच्या शिकारीला आम्ही पाचजण जायचो. एक वारला. एक ॲरिझोनाला गेला, तो जिवंत आहे पण फोन करत नाही, म्हणजे हिशेब तोच. एकाचे दोन्ही गुडघे बदललेत. राहिलो मी आणि ड्वेन क्रूगर. ड्वेन माझ्या समोरच राहतो, रस्त्यापलीकडे, आणि आम्ही चार वर्षं एकमेकांशी बोलत नाही. कारण एक हरीण. आठ टोकांच्या शिंगांचं. मी गोळी घातली, त्यानेही घातली, आणि ते मेलं नेमकं त्याच्या कुंपणात. तो म्हणाला माझं, मी म्हटलं माझं. शिंगं त्याने नेली. आर्डिसच्या अंत्यविधीला आला होता, मागच्या रांगेत बसला आणि कॉफी न पिता निघून गेला. तेव्हा त्याला बोलवायचं म्हणजे नाक घासणं आलं. ते आपल्याला जमणार नव्हतं.

मंगळवारी तिजोरी आली. अंगणात उभी राहिली आणि तिच्यावर बर्फ पडायला लागलं. गुरुवारी थँक्सगिव्हिंग. बुधवारी सकाळी मी एकट्याने काम काढलं.

जड वस्तू हलवायला खाली गोल्फचे चेंडू घालायचे, ही युक्ती माझी गिरणीतली. पायऱ्यांवर फळ्या टाकल्या, तिजोरीला साखळदंड बांधला, दुसरं टोक हाताने फिरवायच्या कप्पीला लावून कप्पी बैठकीच्या खोलीतल्या खांबाला अडकवली, आणि देवाचं नाव घेऊन दांडा ओढायला लागलो. खांब कुरकुरला, निम्मे चेंडू अंगणभर पळाले, पण तिजोरी चढली! आडवी होऊन दारात शिरली! आर्डिस असती तर म्हणाली असती, "व्हर्लिन, आता थांब." ती नव्हती, म्हणून मी थांबलो नाही.

खाडकन आवाज झाला. अर्धी तिजोरी घरात, अर्धी ओसरीवर, आणि बाहेरच्या बाजूला ते चाक चौकटीत असं घुसलं की पुढे नाही, मागेही नाही. चाक जिथे तिथे तिजोरीचं दार, त्यामुळे दारही उघडेना. माझ्या सात बंदुका सोफ्यावर एका रांगेत पडलेल्या, पाहुणे जेवायची वाट बघत असल्यासारख्या.

दुपारी कोरीनचा फोन.

"बाबा, तिजोरी आत आली?"

"आली." (अर्धं खरं होतं. बरोबर अर्धं.)

"फोटो पाठवा बघू."

मी आतल्या बाजूने काढून पाठवला.

"वा, छान आहे! पण बाबा, तिच्या मागे बर्फ का पडतंय?"

मी म्हटलं, आवाज नीट येत नाहीये, आणि फोन ठेवला. मग त्या तिजोरीला पाठ टेकून जमिनीवर बसलो. बाहेरून वारा येत होता. उद्या ती गाडीतून उतरणार नाही, मेझी काचेतून हात हलवेल, आणि टर्की मी एकटा आठवडाभर खाईन, हे सगळं मला स्पष्ट दिसायला लागलं. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारावर थाप पडली. बाहेर ड्वेन उभा, काखेत थर्मास.

"टोल्या," तो म्हणाला. (टोलेफसन या आडनावाचं असं वाटोळं तोच करतो. चार वर्षांत हे नाव कानावर पडलं नव्हतं.) "कालपासून दुर्बिणीतून बघतोय. मान अवघडली माझी."

"मग आला का नाहीस?"

"तू बोलावलंस कुठे?"

आम्ही दोघांनी मिळून ढकललं. तिजोरी ढिम्म. शेवटी ड्वेन म्हणाला, "बंदुका माझ्याकडे आण. माझ्याकडेही हीच तिजोरी आहे."

"हीच?"

"त्याच पोराने गळ्यात मारली. दोन तासांची."

दोन तासांचीच का, हे मी विचारलं नाही.

त्याच्या घरी त्याने तिजोरी उघडली. छत्तीस जागांत एकच रायफल. आणि खाली टॉवेलात गुंडाळलेली आठ टोकांची शिंगं. त्याने ती बाहेर काढली आणि एका टोकाला पडलेली खाच मला दाखवली.

"माझी गोळी इथे घासून गेली. छातीत लागली ती तुझी. हरीण तुझंच होतं, टोल्या."

"हे तुला कधी कळलं?"

"सोलताना. त्याच दिवशी."

"चार वर्षं! मग सांगितलं का नाहीस गाढवा?"

"तू विचारलंस कुठे? तू तर बोलणंच टाकलंस."

मी शिंगं हातात घेऊन बसलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, "एका बंदुकीला एवढी तिजोरी कशाला रे?"

"नातवंडं यायची होती."

"आली?"

"फ्लोरिडाला गेली."

आम्ही माझ्या सातही बंदुका आत उभ्या केल्या. आर्डिसची रायफल त्याने स्वतः, दोन्ही हातांनी ठेवली.

गुरुवारी कोरीन गाडीतून उतरली. आधी ड्वेनकडे जाऊन कुलूप ओढून बघितलं, मग मेझीला उतरवलं. आम्ही सगळे स्वयंपाकघराच्या दाराने ये-जा करत होतो. टर्की करपली होती, पण ड्वेन धरून टेबलाशी चार माणसं होती, त्यामुळे मी नावं ठेवली नाहीत.

ती गेली आणि घर पुन्हा पहिल्यासारखं झालं. पहिल्यासारखं म्हणजे अगदी तसं नाही. दाराच्या फटींत गोधड्या कोंबल्या होत्या, आणि रोज सकाळी दहाला ड्वेन यायचा. "बघू, आज हलते का." आम्ही दहा मिनिटं ढकलायचो आणि दोन तास कॉफी प्यायचो. गावातल्या बंबवाल्यांना नुसता फोन केला असता तर चार तगडी पोरं दहा मिनिटांत आली असती. मला ते सुचलं होतं. मी बोललो नाही.

नाताळला कोरीन आणि मेझी पुन्हा आल्या. मेझीने ते चाक बघितलं आणि ओसरीवर बस चालवायला सुरुवात केली. मी आणि ड्वेन कप घेऊन तिचे प्रवासी झालो. तिने चाक इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं, मधली पितळी टोपी गरागरा फिरवली, आणि अख्खं चाक सुटून तिच्या हातात आलं.

"आजोबा, बस मोडली!"

मी तिजोरीला हलकेच खांदा लावला. खाली उरलेल्या चेंडूंवरून ती लोण्यासारखी वीतभर आत सरकली. कोरीन हसून हसून कठड्यावर बसली. मी सावकाश ड्वेनकडे वळलो.

"तुझीही तिजोरी हीच ना रे?"

"हीच."

"हे चाक निघतं, हे तुला माहीत होतं?"

"माझी आत नेताना काढलं होतं की."

"मग महिनाभर रोज सकाळी माझ्याबरोबर ढकलत काय होतास?"

त्याने कपात बघत कॉफी ढवळली. तो साखर घेत नाही.

"तू विचारलंस कुठे?" तो म्हणाला.

मी कप खाली ठेवला. तिजोरी वीतभर मागे ओढली, मेझीच्या हातातून चाक घेतलं आणि पुन्हा जागच्या जागी बसवायला लागलो. उद्या सकाळी दहाला ढकलायला काहीतरी हवं ना. पण ते मेलं बसेना. पाच मिनिटं झाली, दहा झाली, बोटं गारठली, टोपी काही केल्या धरेना. शेवटी मेझीने माझी बाही ओढली.

"आजोबा," ती म्हणाली, "तुम्ही उलटं फिरवताय."