दीड केव्हीएचा संसार

मला एकाच गोष्टीची चीड आहे. मी बरोबर असतो आणि लोक मला चूक ठरवतात.

आता हेच बघा. ऐन भाकरीच्या वेळी वीज जाते म्हणून मी घराला सोलर बसवायचं ठरवलं. नुसतं बसवायचं नाही, वीज कंपनीचं कनेक्शनच तोडायचं! (आमच्या सौ. राजमतीनं "जरा दमानं घ्या" म्हटलं. म्हणून लगेच अर्ज लिहिला.)

दुकानदार यशराज घर बघून म्हणाला, "अण्णा, पाच केव्हीएचा इन्व्हर्टर आणि चार बॅटऱ्या लागत्यात की."

"आम्ही जैन माणसं," मी कडाडलो. "दिवस मावळायच्या आत जेवतो. रात्री दोन दिवे, एक पंखा! चार बॅटऱ्यांचं काय लोणचं घालू?"

साखर कारखान्यात वीस वर्षं क्लार्की केलेला माणूस मी. वहीत रकानेच आखले. पिठाची घरघंटी अर्धा तास, पाण्याची मोटर वीस मिनिटं, मिक्सर पाच. दीड केव्हीए, दोन बॅटऱ्या, विषय संपला.

"पण सगळं एकदम लावलं तर?"

"एकदम कोण लावतंय?"

सोलर बसलं, कंपनीची वायर तुटली आणि पहिल्याच शनिवारी कुरुंदवाडहून मेहुणा सम्मेद बायकापोरांसकट सोलर बघायला आला. दिवस मावळायला तासभर होता. सूर्य बुडायच्या आत जेवणारं घर सगळं एकदमच लावतं, हे तेव्हा मला कळलं. भाकरीसाठी घरघंटी, पाहुण्यांच्या पाण्यासाठी मोटर, चटणीसाठी मिक्सर. इन्व्हर्टर किंचाळला आणि गप्प झाला.

"अहो, बंद पडलं की!"

"मोटर बंद कर!"

"मग पाणी?"

"मिक्सर बंद कर!"

"मग चटणी?"

मी माडीवर धावलो. वर इन्व्हर्टर चालू केला की खाली घरघंटी सुरू व्हायची आणि तो पुन्हा आडवा. असं तीनदा झालं. शेवटी राजमती पाहुण्यांना घेऊन समोरच्या आदितीवहिनींकडे जेवायला गेली. मलाही दोन हाका मारल्या. "झालंच!" मी वरून ओरडलो.

इन्व्हर्टर सुरू झाला तेव्हा सूर्य बुडाला होता. घर दिव्यांनी झगझगत होतं, बॅटऱ्या जवळजवळ भरलेल्या होत्या आणि मला सकाळपर्यंत घास नव्हता. मंडळी ढेकर देत परतली.

"दाजी, तुम्ही जेवला न्हाईसा?" सम्मेदनं विचारलं.

"त्यांचा उपवास हाय," राजमती म्हणाली.

"आज कसला?"

"गणित चुकल्याचा."