शामरावकाकांचं चौथं घर

शामरावकाका किरायदाराला पगार विचारत नाहीत, जात विचारत नाहीत, नोकरी कुठं तेही नाही. फक्त दूध उतू घालायला लावतात.

आमच्या आदिलाबादेत नव्या घरात, मग ते किरायाचं का असेना, सामान नेण्याआधी दूध उतू घालतात. रीत तेलुगू लोकांची. आता आम्ही मराठीही करतो. घरमालक त्या वेळी सहसा फिरकत नाही. काका मात्र तामसी या आपल्या गावाहून पहिल्या बसने येतात, घरच्या म्हशीच्या दुधाची किटली घेऊन, आणि स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसतात. एकदा एका बँकवाल्याने नवी शेगडी खराब होईल म्हणून ऐन वेळी गॅस बंद केला. दुसऱ्या मालकाने असा जपणारा किरायदार डोक्यावर घेतला असता. काकांनी किल्ली परत खिशात घातली. म्हणाले, "थेंबभर सांडू देत नाई, तो लेकरांले घरात खेळू देईन का?"

काकांचा तामसीला भाजीचा मळा आहे. भाचा नागपुरात प्लॉट घ्या म्हणून मागे लागला होता. काकांनी त्याला उडवूनच लावलं. नागपुरातलं छत गळलं तर मले कोन सांगन? त्यापेक्षा इथं चार घरं बांधावी, रविवारी बसने यावं, नळ टपकतो का पाहावं, सासू-सुनेचं भांडण ऐकावं अन् परत जावं. वांगं चार दिवसांत सडतं, घर सडत नाही. फक्त त्याला माणूस लागतं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझ्या किराणा दुकानावरची खोली रिकामी होती तेव्हा "काऊन रिकामी ठेवून राह्यला?" असा पिच्छा पुरवला, की मी वैतागून पहिल्या आलेल्याला ती देऊन टाकली.

आणि या शहाण्या माणसाचं चौथं घर, अगदी माझ्या दुकानासमोरचं, तीन वर्षं कुलूपबंद! विचारलं की म्हणायचे, रंग बाकी हाय. रंग दोनदा झालेला मी या डोळ्यांनी पाहिला होता. खरं काय ते सगळ्या गल्लीला माहीत होतं. ते घर काकूंसाठी बांधलेलं. काकू ठेंगण्या, म्हणून ओटासुद्धा बुटका. राहायला यायच्या आधीच काकू गेल्या.

मग पद्मा सिस्टर आल्या. दवाखान्यात नर्स, नवरा वारलेला, एकट्या. एवढं कळलं की घर 'कालच गेलं' असं लोक सांगत. जुन्या मालकाने रविवारपर्यंत खोली सोडा म्हणून बजावलेलं. मी त्यांना काकांपुढे उभं केलं. बाकी तिन्ही घरं भरलेली होती. काका खाली पाहत म्हणाले, त्याचा रंग बाकी हाय.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "काका, माझी एक खोली रिकामी होती तर तुमी मला जगू दिलं नाही. आता या बाईनं काय रस्त्यावर राहायचं?" काका बसस्टँडकडे निघून गेले. फार लागलं त्यांना, मला वाईट वाटलं.

रविवारी काका पहिल्या बसने किटली घेऊन हजर. सिस्टर दारातच थांबल्या. मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाल्या, दूध दुसऱ्या कोणी ठेवावं, माझ्या हातचं चालत नाही.

"कोन म्हन्ते?" काका म्हणाले. "घर माझं हाय. तुमीच ठेवा."

त्या बुटक्या ओट्यावर दूध चांगलं उतू गेलं. सिस्टर रडत होत्या, पण गॅसकडे त्यांचा हात गेला नाही. काकांनी किल्ली दिली. अजून काही अट आहे का, सिस्टरनी विचारलं.

"एक हाय. मी बाहेर उभा राह्यतो, तुमी दाराले आतून कडी लावा. तीन वर्सं मी बाहेरून कुलूपच लावून राह्यलो. या घराची कडी आतून लागलेली मी एकदाबी आयकली नाई."

कडी लागली. काका दाराकडे तोंड करून उभेच राहिले. मी चहाला हाक मारली. हातानेच नको म्हणाले आणि पायरीवर बसले. समोरून तामसीची बस गेली, तरी उठले नाहीत.