मशालीची ठिणगी आणि कलम सहावे

कालिंदीच्या खोलीला आग लागली बुधवारी संध्याकाळी, आणि गुरुवारी सकाळी नळाला पाणी यायच्या आत ती आग मशाल-मोर्च्यातल्या ठिणगीने लागली हे सबंध चाळीला ठाऊक झालं. शुक्रवारी ही बातमी ठाकूरद्वारापर्यंत पोचली. शनिवारी दोन अनोळखी गृहस्थ जिना चढून आले, चपला काढून जळक्या खिडकीसमोर हात जोडून उभे राहिले आणि चहा न घेताच निघून गेले. खरं काय झालं होतं ते कालिंदीला माहीत होतं, आणि ती गप्प होती.

झालं होतं ते एवढंच. तिची नलू पाच महिन्यांची. थंडीचे दिवस, लंगोट-दुपटी काही केल्या सुकत नसत. मग शेगडीवर बांबूची टोपली पालथी घालायची, तिच्यावर कपडे पसरायचे आणि निखाऱ्यांवर चिमूटभर ओवा नि वेखंड टाकायचं. कपडेही वाळतात, धुरीही मिळते. "धुरीपाशी बसलं की बसूनच राहायचं हो. टोपलीवरची नजर काढायची नाही," असं सासूबाईंनी, म्हणजे आनंदीबाईंनी, शंभरदा तरी बजावलं असेल. बुधवारी मोर्चा चाळीपुढून जायचा म्हणून अख्खी चाळ गॅलरीत लोटली. "चल गं, तुला महाराष्ट्र दाखवते," म्हणत आनंदीबाई नलूला खांद्यावर टाकून बाहेर गेल्या. कालिंदीचा नवरा गंगाधर फोर्टातल्या ऑफिसातून परस्पर मोर्च्यात गेला होता. पाच महिन्यांत कालिंदी खोलीत एकटी अशी त्या दिवशी पहिल्यांदाच उरली. निखाऱ्यांची मऊ ऊब, ओव्याचा वास. बाहेर हजारो माणसं मुंबईसह महाराष्ट्र मागत होती. कालिंदीने काहीच मागितलं नाही, फक्त भिंतीला पाठ टेकली.

जाग आली ती धुराने. टोपली पेटली होती, खिडकीचा पडदा पेटला होता आणि पडद्याखालचं शिवणाचं यंत्र लाकडी झाकणासकट पेटलं होतं. आनंदीबाई कधी आत आल्या, आग आग म्हणून कोण ओरडलं, काही कळलं नाही. मग गॅलरीतली सगळी माणसं एकेक बादली घेऊन आत घुसली, आणि आगीने यंत्राचं जे काही शिल्लक ठेवलं होतं ते शेजाऱ्यांच्या पाण्याने संपवलं. आग विझली. यंत्राची फळी कोळसा झाली, पट्टा तुटला, चाक जागचं हलेना.

ते यंत्र कालिंदीच्या आईने स्वतःच्या पाटल्या मोडून दिलं होतं. नलूची झबली त्याच्यावर शिवलेली, चाळीतल्या निम्म्या बायकांची पोलकीही. मुख्य म्हणजे ते सुरू असताना तिला कोणी हाक मारत नसे. त्या खडखडाटात हाक ऐकूच येत नाही, हे चाळीने मान्य केलं होतं. यंत्र गेलं म्हणजे दिवसातला तो एक तास गेला.

आणि मग गंगाधरला आठवलं की घरातल्या सामानाचा आगीचा विमा आहे. ऑफिसातला एक सहकारी फावल्या वेळात विम्याची एजंटी करी; त्याच्या भिडेखातर दोन वर्षांपूर्वी उतरवलेला. कागद ट्रंकेच्या तळाशी, लग्नपत्रिकेखाली निघाला. चार पानं, मुंगीएवढी अक्षरं, सगळं इंग्रजी. सामानाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर शिवणाचं यंत्र होतं, आणि तेवढं वाचून गंगाधर थांबला. पुढचं वाचायला अप्पांना बोलावलं. अप्पा तिसऱ्या खोलीतले, कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झालेले.

अप्पांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला, परत लांब धरला.

"काय म्हणतात?" गंगाधरने विचारलं.

"म्हणायचं काय. असल्या कागदाचा अर्थ एकच असतो. चूक तुमची असली की पैसे त्यांचेच राहतात."

"म्हणजे घरच्या माणसाच्या हातून झालं असेल तर नाही?"

"दमडी नाही. हलगर्जीपणाला कायद्यात क्षमा नाही, गंगाधर. चाळीस वर्षं बघितलंय मी."

कालिंदीच्या ओठांवर आलेलं तिथल्या तिथे परत गेलं.

"पण इथे चूक कोणाची आहेच कुठे?" नाना दारातूनच म्हणाले. नाना समोरच्या खोलीत राहत. मोर्चा काढणाऱ्या समितीच्या सभांना सतरंज्या घालण्यापासून आभार मानण्यापर्यंत सगळं तेच करत. भाषणाची पाळी मात्र अजून आली नव्हती. "ठिणगी बाहेरून आली. मशालीची. आपली चाळ नशीबवान म्हणायची."

"अहो नाना, गॅलरीत पन्नास माणसं उभी होती," गंगाधर म्हणाला. "ठिणगी त्यांच्या डोक्यावरून बरोब्बर आमच्याच खिडकीत कशी आली?"

"ठिणगीला दिशा असते, गंगाधरपंत."

यावर अप्पांनीही मान डोलावली, तेव्हा गंगाधरचा इलाज चालेना. कंपनीला कळवलं गेलं. उत्तर आलं की सोमवारी आमचा माणूस पाहणीला येईल, तोवर जळलेली वस्तू जागची हलवू नये. चार दिवस घरातले सगळे यंत्राला वळसा घालून जेवले, झोपले. नानांनी वेळ फुकट घालवला नाही. त्यांनी साक्षीदार तयार केले. शेजारच्या चंपाने ठिणगी प्रत्यक्ष पाहिली होती; शुक्रवारी ती लाल होती, रविवारपर्यंत तिला शेपूटही आलं.

सोमवारी शामराव आले. विमा कंपनीचे पाहणी करणारे. किडकिडीत अंग, उन्हाळा-हिवाळा एकच कोट, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या जळक्या घरांत वावरल्यामुळे चेहऱ्यावर एक कायमची समजूतदार उदासी. त्यांनी यंत्राचं चाक हलवून पाहिलं, फळीला बोट लावून वास घेतला, टेप लावून खिडकी मोजली. मग स्टुलावर बसून फॉर्म काढला.

"आगीचं कारण?"

हा प्रश्न नाना चार दिवस ऐकायला आतुर होते. ते पुढे सरसावले आणि बोलू लागले. मोर्चा, जनसागर, मशाली, पश्चिमेचा वारा, एक ठिणगी. त्यांच्यामागून अप्पांनी दुजोरा दिला. चंपाने शेपटासकट वर्णन केलं. वरच्या मजल्यावरच्यांनी ठिणगी वरून पाहिली होती, खालच्यांनी खालून. एकूण साक्षी आठ झाल्या. आनंदीबाई तेवढ्या कोपऱ्यात नलूला मांडीवर थोपटत बसल्या होत्या.

शामरावांनी सगळं लिहून घेतलं. शाई वाळेपर्यंत थांबले. मग गंगाधरचा विम्याचा कागद मागून घेतला आणि दुसरं पान उलटलं.

"हे वाचलंय का कोणी?"

सगळ्यांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पा चष्मा पुसू लागले.

"कलम सहावं," शामराव म्हणाले. "दंगल, मोर्चा, सार्वजनिक गडबड यांतून लागलेली आग कंपनी भरून देत नाही. ती हवी तर वेगळा हप्ता भरून जोडून घ्यावी लागते. तुम्ही घेतलेली नाही."

"मला कोणी सांगितलं नाही तसं," गंगाधर म्हणाला.

"तुम्ही विचारलं होतं?"

गंगाधरने यंत्राकडे पाहिलं. "मग काहीच नाही?"

"मशालीची आहे ना? मग नाही. शेगडी, स्टो, निरांजन, विडी, कशानेही घरात लागली असती तर दिलं असतं."

"आणि घरच्याच माणसाची चूक असती तर?" हे कालिंदीने विचारलं. आवाज इतका लहान होता की शामरावांना कान पुढे करावा लागला.

"मुद्दाम लावली नाही म्हणजे झालं. अहो बाई, माणसं चुकत नसती तर आमचा विमा घेतला कोणी असता?"

अप्पा हळूच म्हणाले, "आमच्या कोर्टात तसं नव्हतं."

कालिंदीने पदर खोचला. समोर नवरा, कोपऱ्यात सासू, दारात सगळी चाळ. पण त्या सगळ्यांच्या मध्ये ते काळं पडलेलं यंत्र होतं, आणि ती त्याच्याकडेच बघून बोलली. "मशालीने नाही लागली. टोपलीने लागली. मी धुरीला बसले होते आणि झोपले."

तिला वाटलं होतं, आता वीज कोसळेल. कोसळली, पण भलत्याच बाजूने. शामरावांनी पेनाला टोपण लावलं.

"बाई, पंचवीस वर्षं आगी बघतोय. कलम वाचून दाखवलं की कारण बदलतं. मागल्या महिन्यात एका गोदामात चार कारणं झाली."

"पण मी खरं सांगतेय."

"आठ माणसं ठिणगी बघितली म्हणतात. तुमची टोपली कोणी बघितली?"

"वहिनी," नाना दुखावल्या आवाजात म्हणाले, "एका यंत्रासाठी ठिणगी नाकारता?"

"अगं, असं काही होतं तर आधी बोलायचं," गंगाधर म्हणाला, पण त्याच्याही चेहऱ्यावर हेच होतं की बायको यंत्रापायी बोलतेय. कालिंदीला रडू येईना आणि हसूही येईना. चार दिवस जे लपवायला जिवाचा आटापिटा केला, ते आता कोणाला फुकट दिलं तरी घेत नव्हतं.

तेवढ्यात आनंदीबाई उठल्या. आजूबाजूला पाहिलं, मोकळे हात फक्त शामरावांचे दिसले, तेव्हा नलू त्यांच्या मांडीवर ठेवली. "धरा जरा. मान सांभाळा." मग खाटेखाली वाकून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी ओढून बाहेर काढलं आणि फॉर्मवर ठेवलं. अर्धी जळालेली टोपली. तिला चिकटलेला अर्धा लंगोट.

"ही घ्या तुमची ठिणगी."

"आई," कालिंदी म्हणाली, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"आत पहिली कोण आली? मी घागर ओतली, ही खाटेखाली सारली आणि मग आग आग म्हणून ओरडले."

"पण मग मशाल?"

"ती मीच नानाला म्हटली. सहज. दारात एवढ्या मशाली आहेत, त्यातली एक आपल्याला उपयोगी पडली तर काय बिघडलं? हा तिची मिरवणूक काढील हे मला काय ठाऊक." आनंदीबाई खाटेच्या काठावर बसल्या. "साहेब, चूक लिहायची तर माझीही लिहा. मी खिडकीतून आत बघितलं होतं. हिचा डोळा लागलेला. शेगडीही दिसली. उठवायला पाऊल उचललं, आणि नाही उठवलं. पोर पाच महिन्यांत धड झोपली नाही हो. म्हटलं, मोर्चा एवढा पुढे जाऊ दे."

कालिंदीने मान खाली घातली. गंगाधर खिडकीतून रस्त्याकडे बघू लागला. रस्त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

शामरावांनी टोपलीचा वास घेतला. लंगोट चिमटीत धरून उजेडात पाहिला. त्यांच्या उदास चेहऱ्यावर काहीतरी हललं, पण ते नलूने त्यांच्या कोटाचं बटण तोंडात घातल्यामुळेही असेल. "हे कारण बदललेलं नाही," ते म्हणाले. "हे जळलेलं आहे. पहिला कागद फाडा आणि नवा घ्या. माझे हात अडकलेत, तुम्हीच लिहा. मी सांगतो."

गंगाधर लिहायला बसला. शामराव इंग्रजीत सांगत आणि मंडळींसाठी मराठीत अर्थ लावत. "घरातील सूनबाई झोपल्या असताना..."

"झोपल्या नका लिहू," आनंदीबाई म्हणाल्या. "डोळा लागला म्हणा. झोपणं वेगळं, डोळा लागणं वेगळं."

"आजी, इंग्रजीत दोन्ही सारखंच लिहितात."

"मग तिकडच्या बायका पोरं वाढवत नसतील."

शामरावांनी विचार केला. "सूनबाई अतिशय थकलेल्या असताना," त्यांनी सांगितलं, आणि आनंदीबाईंनी तेवढ्यावर भागवून घेतलं. नानांनी निदान शेऱ्याच्या रकान्यात तरी मोर्च्याचा उल्लेख यावा म्हणून रदबदली केली. शामराव म्हणाले, तसं केलं तर कलम सहावं पुन्हा जागं होईल. नाना गॅलरीत जाऊन कठड्याला टेकून उभे राहिले. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

निघताना शामरावांनी समजावलं, जुन्याच्या जागी कोरं यंत्र कंपनी देत नाही. फळी, पट्टा आणि दुरुस्ती देईल, आत तेल-पाणी केलं की चाक फिरेल. कालिंदीला तेवढंच हवं होतं. नलू त्यांच्या खांद्यावर झोपली होती, ती त्यांनी अगदी हळू सोडवून दिली.

माणसं पांगली तशी आनंदीबाईंनी चटई अंथरली. "आता पड. सगळ्यांसमक्ष सांगतेय. नलूला मी बघते." दार ओढून त्या बाहेर गेल्या, आणि गॅलरीभर बजावत गेल्या की कोणी आवाज करायचा नाही.

कालिंदी आडवी झाली. चाळ गप्प झाली. भांडी थांबली, नळ थांबला, चंपाचा रेडिओ बंद झाला. कालिंदीने या कुशीवर करून पाहिलं, त्या कुशीवर करून पाहिलं. इतकी शांतता त्या चाळीत कोणी कधी ऐकली नव्हती. पंचवीस बिऱ्हाडं आपल्या झोपेसाठी श्वास धरून बसली आहेत या जाणिवेने तिचे डोळे टक्क उघडे राहिले. पाव तासाने तिने दार उघडलं.

"झोप येत नाही," ती म्हणाली.

"मग ये, बस इथे." आनंदीबाईंनी सरकून जागा केली. ती त्यांच्याशेजारी भिंतीला टेकून बसली. नाना अजून कठड्यापाशीच होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं. चार दिवस त्यांनी मशाल, नकळत का होईना, तिच्यासाठीच तर पेटती ठेवली होती.

"नाना, तुम्ही मघाशी बोलत होता ते पुरं झालंच नाही. पुढे काय होतं?"

नानांनी खात्री करून घेतली की ही थट्टा नाही. मग सदरा खाली ओढला, कठडा सोडला आणि सुरुवात केली. आधी इतिहास आला. मग भूगोल आला. सह्याद्री संपून नद्या सुरू झाल्या. गोदावरीपाशी कालिंदीची मान एका बाजूला झुकली आणि सासूच्या खांद्यावर येऊन थांबली.

ते पाहून नाना थांबले. तोंड एवढंसं झालं.

"थांबू नकोस रे," आनंदीबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "थांबलास तर उठेल. अजून पुष्कळ नद्या आहेत."