राजूरकरांची वेगमर्यादा

राजूरकर काका पायी चालताना हेल्मेट घालतात. स्कूटर त्यांनी कधीच विकली. हेल्मेट ठेवून घेतले. बरकतपुऱ्यातल्या आमच्या गल्लीतून कोथिंबिरीची जुडी हातात धरून, हनुवटीखाली पट्टा आवळून ते संथपणे येताना दिसले, की नवखा माणूस आसपास त्यांची गाडी शोधतो. मी एकदा विचारले, तेव्हा त्यांनी काच वर केली आणि म्हणाले, "समजा, बाल्कनीतून कुंडी पडली?"

हे 'समजा' त्यांच्या बोलण्याचे दार आहे; त्यातून आत गेलेला माणूस लवकर बाहेर येत नाही. समजा, गॅस चालू राहिला. समजा, लिफ्ट मध्येच थांबली. म्हणून पिशवीत पाण्याची बाटली, शिट्टी आणि दोन केळी. जामबागेतल्या एका महाविद्यालयात ते आयुष्यभर भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत होते. तिथे एकाही विद्यार्थ्याला शॉक लागला नाही, हे ते सांगतात. प्रवाह सुरू करण्यापूर्वी ते जोडण्या इतक्या वेळा तपासत, की पुष्कळदा तासच संपून जाई, हे त्यांचे विद्यार्थी सांगतात.

काकू गेल्यानंतर त्या घराला बरेच दिवस कसलाच वास नव्हता. मग एका दुपारी जिन्यात तापलेल्या राळेचा, सोल्डरिंगचा उग्र वास दरवळला, आणि काकांनी काहीतरी हाती घेतले आहे हे मला कळले.

त्याचे मूळ बैठकीत भिंतीला टेकून उभे होते. त्यांची मुलगी अनघा विशाखापट्टणमला नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी समुद्रात फॉइल बोर्ड चालवत असे. हा बोर्ड म्हणजे माणूस उभा राहील एवढी फळी. तिच्या पोटाला कमरेइतका लांब दांडा, आणि दांड्याच्या टोकाला पंख. वेग आला, की पाण्याखालचे पंख फळीला उचलतात आणि माणूस पाण्याला न शिवता वरून जातो. पण तो वेग येईपर्यंत हातांनी पाणी मागे सारावे लागते. गेल्या वर्षी अनघा पडली आणि फळी तिच्या खांद्यावर आदळली. हाड जुळले, हातातले बळ काही परतले नाही. फळी तिने पार्सलने वडिलांकडे धाडली. "ठेवून द्या बाबा, नाहीतर विकून टाका," एवढेच म्हणाली. तो आवाज कसा होता, हे काकांनी मला सांगितले होते: "सपाट. ग्राफवर आडवी रेघ असते ना, तसा."

त्यांनी ठरवले: दांड्याला मोटर बसवायची, फळीवर बॅटरी, हातात रिमोट. सुरुवातीचा जोर मोटर देईल, हात लागणारच नाहीत. डिसेंबरात अनघा दहा दिवसांसाठी येणार होती. तोवर फळी तयार हवी होती. "ती एकदा उभी राहिली पाहिजे तिच्यावर," ते म्हणाले. त्या वाक्यात 'समजा' नव्हते.

गौलीगुड्यात मोटरींचे वाइंडिंग करणाऱ्या खाजाभाईंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "चाचा, बॅटरी लेको पानी में उतरते? घर में झगडा हुआ क्या?"

"घर में कौन है झगडने को," काका म्हणाले. खाजाभाईंनी चहा मागवला.

मोटरीची चाचणी गच्चीवरच्या टाकीत झाली. सामान तोलायचा काटा फळकुटाला बांधून काकांनी मोटरीची ओढ मोजली, आणि टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे निजलेला गाळ जागा झाला. दोन दिवस नळांना तपकिरी पाणी आले. दुसऱ्या मजल्यावरच्या लक्ष्मी गारूंनी तांब्याभर पाणी काकांच्या दारात आणून ठेवले. "राजूरकर गारू, आज नळाला रागी माल्ट येतंय. साखर तेवढी आम्हीच घालायची का?"

"समजा, टाकीला भेग असती," काका म्हणाले, "तर ती आज कळली असती."

अनघा आली, वडिलांनी केलेले सगळे तिने बघून घेतले. काकांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे शेत शहराबाहेर एका तळ्याला लागून आहे. एका सकाळी आम्ही तिघे तिकडे गेलो. "ताई, शिट्टी तुम्ही वाजवायची," म्हणून काकांनी मला नेले होते. आभाळ जस्ताच्या पत्र्यासारखे होते, आणि काठाच्या चिखलाला मासळीचा थंड वास होता.

"तुमच्यासाठी एकदा, बाबा," अनघा म्हणाली. "नंतर प्लीज हा विषय काढायचा नाही."

काकांनी तिला एकावर एक अशी दोन लाइफ जॅकेट घातली. "बुडायचं जाऊ द्या, बाबा, मला वाकताही येत नाहीये." एक उतरवले गेले.

ती गुडघ्यांवर बसून निघाली, हळूच उभी राहिली. फळी चालू लागली. फळीच्या पोटावर पाणी चापट्या मारत राहिले. एक फेरी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. फळी पाण्याला चिकटून होती, एखाद्या आज्ञाधारक होडीसारखी. प्रत्येक फेरीला अनघाचा चेहरा थोडा अधिक विझत गेला. शेवटी ती काठाला आली.

"उठत नाही. माझाच तोल गेलाय."

"पंखांचा कोन बघावा लागेल," काका चिखलाकडे बघत म्हणाले.

मोटरीचे आकडे काकांच्या फोनवर दिसत. अनघाने तो उचलला. बराच वेळ ती बघत राहिली.

"बाबा, स्पीड दहावर बांधून ठेवलाय तुम्ही. तेराशिवाय हे उठतच नाही."

"मला माहीत आहे किती लागतो ते."

"मग?"

"तेराला पडलीस तर लागतं. दहाला लागत नाही. गणित केलंय मी." त्यांनी पिशवीचे बंद सारखे केले. "मला वाटलं, नुसती उभी राहिलीस तरी पुरे."

"आणि मला वाटलं, माझं संपलं," अनघा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तिन्ही फेऱ्या मला तेच वाटत होतं."

काकांनी तिच्याकडून फोन घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि आकडा स्वतःच्या बोटाने बदलला. त्याला वेळ लागला. मग त्यांनी तळ्याकडे पाठ केली.

फळी पुन्हा निघाली. चापट्या ऐकू येत होत्या, भराभर, आणखी भराभर; आणि एकाएकी थांबल्या.

"आवाज का थांबला?" काकांचे तोंड रस्त्याकडेच होते, हात पाठीमागे घट्ट गुंफलेले. "पडली का? ताई, बघा ना."

मी बघतच होते. फळीखाली करड्या उजेडाची एक फट पडली होती.

"नाही. वर आहे. पाणी सोडलंय तिनं."

"किती वर?"

"गुडघाभर."

त्यांनी मान हलवली, वहीत नोंद करावी तशी. पलीकडचा काठ धुक्यात होता आणि ती किंचित झुकलेली आकृती त्याच दिशेने लहान होत चालली होती. मोटरीची गुणगुण बारीक झाली, मग तीही ऐकू येईना.

"परत वळली का?"

"अजून नाही," मी म्हटले.