निळ्या बोटांची मतं

"खुर्ची बाईची, कारभार माझा," असं हिलाल मास्तर अख्ख्या गल्लीला सांगून मोकळा झाला, तेव्हा उमेदवारांना चिन्हंसुद्धा मिळाली नव्हती.

साल पंच्याण्णव. सुरत महापालिकेची निवडणूक. वॉर्डातून तीन नगरसेवक निवडायचे होते आणि त्यातली एक जागा बायांसाठी राखीव होती. हिलालने त्या जागेवर आपली बायको प्रमिलाबाई अपक्ष उभी केली. चिन्ह मिळालं कपबशी. कारण एकच. उधन्यातल्या त्यांच्या गल्लीतलं गटार पावसाळ्यात रस्ता सोडून थेट स्वयंपाकघरात यायचं, आणि निवडून आलेले नगरसेवक ते बघायला कधी यायचे नाहीत.

"मी तठे जाईसन काय बोलू?" प्रमिलाबाईने विचारलं होतं.

"तू काहीच बोलू नको. फक्त सही कर. बाकीनं मी देखी लिसु."

हिलालचा भरवसा होता तो कारखान्यावर. पलसाण्याला एका रंगाई कारखान्यात तो कलर मास्तर होता. त्याच्या पाळीतले सगळे कामगार खान्देशातले आणि राहायला याच गल्लीत. ही मतं मिळाली तर कपबशी तरणार होती, नाही मिळाली तर फुटणार होती. हिलालची योजनाही पक्की होती. कामगार घरी गेला की झोपतो आणि मतदान राहून जातं. म्हणून पाळी सुटली की टेम्पोत बसवायचं आणि थेट शाळेतल्या मतदान केंद्रावर उतरवायचं. घर नाही, अंघोळ नाही, आधी मत.

अंघोळ नाही, इथेच सगळं बिनसलं.

जून महिना. शाळा उघडणार म्हणून शेठला गणवेशाच्या कापडाची मोठी ऑर्डर होती. सगळी पाळी गडद निळा रंग चालला. हातमोजे शेठ फक्त तपासनीस येणार असला की कपाटातून बाहेर काढायचा, त्यामुळे टेम्पोतून उतरले ते सगळे कोपरापर्यंत निळे. मास्तरसकट.

आधी पंडित नावाचा कामगार आत गेला. त्याने ऐटीत डावा हात पुढे केला. मतदान अधिकारी बँकेतले कारकून होते, स्वभावाने भित्रे. त्यांनी बोट पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"भाई, तमे तो वोट आपी दीधो छे."

"नाही साहेब, आत्ता तर आलो."

मागोमाग काशिनाथ आला. त्याचंही बोट निळं. तिसऱ्याचंही तसंच. विरोधी उमेदवाराचा माणूस मगन खुर्चीवरून उठलाच. "साहेब, आखी टोळी बोगस छे!"

अधिकाऱ्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं. बोटाला शाई दिसली की मत नाही, हा त्यांचा नियम होता.

हिलाल डगमगला नाही. "थोडा वेळ थांबा रे. बोटं गोरी करून देतो," तो म्हणाला. रंग बिघडलेलं कापड कारखान्यात हायड्रोच्या पुडीने धुतात, सगळा रंग उतरतो. टेम्पोत एक डबा होताच. समोरच्या चहावाल्याकडून बादलीभर गरम पाणी घेतलं, शाळेच्या भिंतीआड बसकण मारली आणि त्याने आधी स्वतःचा डावा हात बुचकळला. बोटं सोललेल्या लसणासारखी निघाली. मग त्याने कामगारांची रांग लावली.

पहिला कामगार हात बुडवणार, तेवढ्यात मगनने भिंतीवरून डोकावून पाहिलं. मतदान केंद्र, उमेदवाराचा नवरा, बादली आणि बोटं धुणाऱ्यांची रांग. कोणीही काढला असता तोच अर्थ त्याने काढला आणि फाटकावरच्या फौजदाराला बोलावून आणलं.

"शाई पुसून दुसऱ्यांदा मत द्यायला लावतोस?" फौजदार म्हणाला.

"नाही साहेब. यानं शाई जात नाही. फक्त कापडाचा रंग जातो."

"कशावरून?"

दाखवायला म्हणून हिलालने बादली उचलली, तर कडी निसटली. पाणी एवढ्यात कोमट झालं होतं, ते सगळं फौजदाराच्या पँटवर गेलं. सगळे बघत उभे राहिले. गुडघ्याखालची खाकी हळूहळू फिकट झाली, मग पिवळट, मग पांढरी.

"हे बघा साहेब," हिलाल म्हणाला. पुरावा इतका सज्जड होता की त्याच्याच्याने राहवलं नाही.

फौजदाराने आधी पँट पाहिली, मग हिलालला. त्याने हिलालला दंडाला धरून जीपमध्ये बसवलं.

प्रमिलाबाई शाळेबाहेर लिंबाखाली मतदारांना चिठ्ठ्या वाटत बसली होती. बातमी कळली तेव्हा तिला रडू आलं. नवऱ्याचा राग आला, गटार आठवलं, आणि त्या रागातच ती आत शिरली. अर्धी गुजराती, अर्धी अहिराणी, जी तोंडात आली ती भाषा तिने वापरली.

"साहेब, मत दिलं की कितली बोटं रंगतस?"

"एक."

तिने काशिनाथचे दोन्ही हात धरून टेबलावर ठेवले. "यानी दहाच्या दहा रंगेल शेतस. दहा मतं कोन देस?"

अधिकाऱ्यांनी हात पाहिले. मग रांगेतले सगळे हात पाहिले. मग ते दिवसभरात पहिल्यांदा हसले. मगनने आरडाओरडा केला, पण यादीत कोणाच्याच नावावर खूण नव्हती. राहिला प्रश्न निळ्यावर शाई दिसायची कशी. ती त्यांनी प्रत्येकाच्या दंडावर लावली.

हिलालची सुटका व्हायला वेळ लागला. फौजदार आधी घरी जाऊन पँट बदलून आला, मग त्याने जबाब लिहिला, मग तो चहा प्यायला. हिलाल मत द्यायला शाळेपाशी धावत आला, तेव्हा फाटकाला कुलूप लागत होतं.

प्रमिलाबाई थोडक्या मतांनी निवडून आली. गल्लीत गुलाल उधळला. हिलाल सगळ्यांच्या पुढे उभा राहून जो भेटेल त्याला सांगत होता, "योजना माझी. मी नसतो तर ही सीट येत नव्हती." पेपरवाला फोटोला आला. "मत आपेला बधा निशाणी बतावो," तो म्हणाला. बायकांनी बोटं वर केली. कामगारांनी बाह्या वर करून दंड दाखवले.

मास्तरने मात्र डावा हात खिशात घातला.

"तुम्हीबी दाखाडा ना," नगरसेविका म्हणाल्या.

मास्तरने हात बाहेर काढला. अख्ख्या गल्लीत तेवढंच एक बोट पांढरंशुभ्र होतं.