आठाचा पट्टा

मिस्त्री गाडीखालून सरपटत बाहेर आले, तेव्हा बायको शेडची लांबी मोजत होती. गळ्यातली शिवणकामाची फीत तिने जमिनीवर अंथरली होती आणि फितीचं दुसरं टोक नेमकं मिस्त्रींच्या डाव्या बुटाखाली आलं होतं.

"पाय उचला," ती म्हणाली. "इथे कापायचं टेबल येईल. तिकडे खिडकीशी माझं मशीन. आणि तुमची किटली उभी आहे तिथे गिऱ्हाइकांना बसायला बाक."

"आणि किटली?"

"भंगारात."

किटली म्हणजे गाडी. पिठाची गिरणी बंद झाली, त्या दिवशी मालकांनी सगळ्या जुन्या कामगारांना घड्याळं वाटली आणि मिस्त्रींना ही गाडी दिली. मालकांना ती कुठेतरी टाकायची होती आणि मिस्त्रींना कुणाला नाही म्हणता येत नसे, असा तो योग जुळून आला. पितळी रेडिएटर, बशीएवढे दिवे, दुमडून ठेवायचं कापडी छत. दिसायला देखणी, पण अंगात भलताच ताप! रेडिएटरच्या मागे हवा ओढायला चार पात्यांचा पंखा होता आणि तो इंजिनावर फिरायचा एका चपट्या कातडी पट्ट्याने. पट्टा जुना होऊन घसरत असे, त्यामुळे पंखा मनात आलं तर फिरे. दोन किलोमीटर गेलं की पाणी उकळायचं आणि बुचातून अशी काही शिट्टी निघायची, की गल्लीतल्या बायका आपापल्या चुलीकडे धावायच्या.

बायकोला मात्र घरातल्या कोपऱ्यात, पलंग आणि कपाटाच्या मधे बसून शिवावं लागे. बाही कापायची तर आधी पलंगावरची गादी उचलायची. शेडमध्ये गाडी होती आणि गाडीच्या मागे गिरणीतून आणलेल्या पुल्या, नळ्या, दोन पत्र्याची नरसाळी, मोडकी चाळणी असा छतापर्यंतचा संसार होता. "लागेल कधीतरी" हे मिस्त्रींचं त्याबद्दलचं अखेरचं मत.

"अगं, एक संधी दे तिला," मिस्त्री म्हणाले. गिरणी गेल्यावर त्यांच्या हातात पाना धरण्याजोगं एवढंच उरलं होतं.

बायको निष्ठुर नव्हती, आणि हिशेबी बाईला पैजेत मजा वाटतेच. "रविवारी दादाकडे जेवायला बोलावलंय," ती म्हणाली. "अठरा किलोमीटर. किटली एकदाही न उकळता एकच्या आत त्याच्या दारात पोचली, तर ती तुमची. उकळली, तर सोमवारी भंगारवाला."

पैजेला पंच हवा म्हणून शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांना बोलावलं. त्यांनी वहीत तारीख टाकली, अटी लिहिल्या, दोघांच्या सह्या घेतल्या आणि शिक्का नसल्याबद्दल हळहळ व्यक्त केली.

आता पट्टा नवा हवा. तो बाजारात मिळेना. शेवटी बायकोच म्हणाली, "कातडं आणा, मी शिवून देते. पैज लावायची तर नीट लावू. पट्टा तुटला म्हणून हरलात, असं मला ऐकून घ्यायचं नाहीये." तिने दुहेरी दोऱ्याने असा जोड घातला, की बोटाला शिवण लागू नये. फक्त पट्टा लांब झाला. चांगला चार बोटं.

"मापात चुकलीस," मिस्त्री म्हणाले.

"माप तुम्ही दिलंत. जुन्या, ताणलेल्या पट्ट्याचं."

मिस्त्री पट्टा घेऊन गाडीकडे गेले. पण तीस वर्षं गिरणीत काढलेल्या माणसाला सैल पट्ट्याची काय मातब्बरी! गिरणीत मोठ्या चाळणीचा पट्टा सैल पडला की मिस्त्री तो मधे एक पीळ देऊन आठाच्या आकड्यासारखा चढवत. पट्टा चाकांना जास्त वेढतो आणि घसरत नाही. त्यात चाक उलटं फिरतं, हे खरं. पण चाळणीला पुढे-मागे हलायचंच असतं, तिला चाक सुलटं काय नि उलटं काय! मिस्त्रींनी किटलीलाही आठ घातला, हात पुसले आणि इंजिन चालू केलं.

पंखा घरघर फिरला. गाडी अंगणात तासभर जागेवर चालू ठेवली तरी बुचावरच्या तापमापकाचा काटा निम्म्यावरच. गाडीपुढच्या दोरीवर बायकोने चादरी वाळत घातल्या होत्या, त्या अर्ध्या तासात खडखडीत वाळल्या.

"अहो, वारा पुढे येतोय," ती चादर काढताना म्हणाली.

"मग? म्हणजे पंख्याला जोर आहे!" मिस्त्री खुशीत म्हणाले. बायकोने एकदा रेडिएटरकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि चादरीची घडी घालत आत गेली.

रविवारी साडेदहाला स्वारी निघाली. मिस्त्री चाकावर, शेजारी वही आणि घड्याळ घेऊन पोस्टमास्तर, मागे बायको. बाजारातून गाडी मुंगीच्या पावलाने गेली तोवर सगळं छान होतं. मोकळा रस्ता लागला, समोरून वारा सुटला, मिस्त्रींनी जरा वेग दिला आणि काटा सरसर चढायला लागला.

"अकरा वाजून पाच मिनिटं. काटा लाल खुणेच्या एक बोट अलीकडे," पोस्टमास्तर म्हणाले आणि त्यांनी तसं लिहिलं.

मिस्त्रींनी गाडी थांबवली. काटा उतरला. पुन्हा निघाले. काटा चढला. "हे काय भलतंच!" मिस्त्री कपाळावर हात मारत म्हणाले. "वाऱ्यावर गेलं की तापते आणि उभी राहिली की गार होते! जगात असं कुठे असतं का?"

"माझ्या सासूबाई अशाच होत्या," मागून बायको म्हणाली.

थांबत, निघत बारा वाजले. अजून सहा किलोमीटर बाकी होते. अशात एक अरुंद पूल आला. निम्म्यावर गेले, तर समोरून मेंढ्यांचा भलामोठा कळप. मेंढपाळाने नुसता हात हलवला. मेंढ्यांना रिव्हर्स नसतो, तेव्हा मागे सरायचं ते मोटारीनेच. काटा लाल खुणेला टेकलेला, बूच थरथरायला लागलेलं. मिस्त्रींनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि उलटा गिअर टाकला. पूल उतरून गाडी दोनशे पावलं मागे येईस्तोवर पोस्टमास्तर ओरडले, "मिस्त्री! काटा निम्म्यावर!"

मिस्त्रींचा विश्वास बसेना. त्यांनी गाडी पुढे नेली. काटा वर. मागे घेतली. काटा खाली. पोस्टमास्तरांनी तीनदा नोंद केली. मिस्त्री खाली उतरून रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. त्यांनी टोपी काढली. "संपलं," ते म्हणाले. "घरी मागे-मागे जाईल ती. पुढे नाही जायची."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"मग वळवा ना तिला," ती म्हणाली. "तोंड घराकडे करा आणि ढुंगण दादाकडे. उलटी न्या."

"सहा किलोमीटर?"

"अटीत काय लिहिलंय, पोस्टमास्तर?"

पोस्टमास्तरांनी वही चाळली. "न उकळता, एकच्या आत, दारात. तोंडाचा उल्लेख नाही."

गाडी वळवली आणि उलटी यात्रा सुरू झाली. आता वारा गाडीच्या पाठीवर होता आणि काटा निम्म्याच्याही खाली आला. फक्त मिस्त्रींना मागचं दिसेना. मान वळवून वळवून ती अवघडून गेली. शेवटी बायको मागच्या सीटवर गुडघे टेकून, दुमडलेल्या छताला धरून ताठ झाली आणि तिने सूत्रं हातात घेतली.

"डावीकडे दोन बोटं घ्या. बास! सरळ... सरळ शिवण जाऊ द्या. आता वळण आहे, गळ्यासारखं गोल घ्या. अहो गोल म्हटलं, कोपरा नाही! फार घेतलंत, उसवा!"

मिस्त्रींना शिवणकामातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण तीस वर्षं तिची बडबड कानावर पडली होती, हात आपोआप वळत गेले. खड्डा आला की ती "चुणी!" म्हणे आणि मिस्त्री वेग कमी करत. पहिल्या किलोमीटरला तिच्या आवाजात काळजी होती, दुसऱ्याला रुबाब आला आणि तिसऱ्याला चक्क ती हसायला लागली. आजवर मागच्या सीटवरून तिला रस्ता म्हणून नवऱ्याची मान तेवढी दिसली होती.

दादाच्या वस्तीच्या चौकात पोलिसाने हात केला.

"काका, तुम्ही येताय की जाताय?"

"येतोय," मिस्त्री म्हणाले.

"मग तोंड तिकडे का?"

"तापतं," पोस्टमास्तरांनी खुलासा केला.

पोलिसाने टोपी मागे सारून डोकं खाजवलं. समोरचा रस्ता एकेरी होता. "गाडी आत जातेय, म्हणजे दिशा बरोबर आहे," तो स्वतःशीच बोलावं तसा म्हणाला. "पण तोंड बाहेर आहे, म्हणजे चूक आहे. पण तोंडाने ती जातच नाहीये..." त्याने खिशातून नियमांचं पुस्तक काढलं, दोन पानं उलटली आणि परत ठेवून दिलं. "मी पुढे चालतो, तुम्ही माझ्यामागून या. म्हणजे, तुमच्या मागून. म्हणजे... या!"

अशी वरात निघाली. पुढे शिट्टी फुंकत पोलीस, त्याच्यामागे पाठमोरी मोटार, तिच्यात उभी राहून हुकूम सोडणारी बाई. लोक खिडक्यांत आले. दादा पाऊण वाजल्यापासून फाटकात उभाच होता. त्याने पाहिलं तर बहिणीच्या गाडीची पाठ! तो घाबराघुबरा धावत सुटला.

"अगं, न जेवताच निघालात? काय चुकलं माझं? आत तरी यायचं!"

"येतोयच, दादा! बाजूला हो!"

"रागावून जाऊ नका हो, मिस्त्री!" दादाने गाडी अडवायला दोन्ही हात पसरले. मिस्त्रींनी ब्रेक दाबला आणि गाडी त्याच्या पोटापासून वीतभर अंतरावर, बरोबर फाटकात थांबली.

"बारा वाजून त्रेपन्न मिनिटं," पोस्टमास्तर म्हणाले. "उकळी नाही. मिस्त्री जिंकले."

मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं. लपवण्यासाठी त्यांनी घाईघाईने बॉनेट उघडलं आणि आत डोकं घातलं. पंखा हळूहळू थांबत होता. तो कुठल्या बाजूला फिरतोय, हे मिस्त्रींनी आज पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांचे कान लाल झाले.

"आठ," ते पुटपुटले. "मी आठ घातला. पंखा उलटा फिरतोय. समोरचा वारा आत येतोय आणि हा गाढव त्याला बाहेर ढकलतोय!"

"हो," शेजारी येऊन उभी राहिलेली बायको म्हणाली. "गुरुवारी चादरी वाळल्या तेव्हाच कळलं मला. मशीनचा पट्टा रोज माझ्या पायाखाली फिरतो."

"मग बोलली का नाहीस?"

"शेड हवी होती."

"मग पुलाजवळ का बोललीस?"

ती पदराने रेडिएटरवरची धूळ पुसत राहिली. "तुम्ही टोपी काढून त्या दगडावर बसलात ना," ती म्हणाली. "गिरणी बंद झाली त्या दिवशी पायरीवर असेच बसला होतात. मला नाही बघवलं पुन्हा." मग एकदम आवाज बदलून, "आणि पट्टा माझ्या हातचा होता. चला, जेवण गार होतंय!"

जेवण झाल्यावर तिने दादाच्या बायकोची कात्री आणि सुई मागून घेतली, चार बोटं कातडं कापलं आणि पुन्हा जोड घातला. मिस्त्रींनी पट्टा सरळ चढवला आणि किटली नाकासमोर, गपगार, एका दमात घरी आली. मागे बायको मात्र जरा हिरमुसली होती. पुन्हा नवऱ्याची मानच दिसत होती.

सोमवारी सकाळी मिस्त्री अंघोळ करून अंगणात आले, तर दारात भंगारवाल्याची गाडी!

"अगं! मी जिंकलोय ना?"

"जिंकलात की. तुमच्या किटलीला कोण हात लावतंय?" बायको पदर खोचून शेडच्या दारात उभी होती. आतून पुल्या, नळ्या, नरसाळी, मोडकी चाळणी एकेक करून बाहेर चालली होती. "पैज गाडीची होती. बाकीच्या पसाऱ्याची कुठे होती? विचारा पोस्टमास्तरांना."

कुंपणापलीकडे पोस्टमास्तर वही घेऊन तयारच होते. "नव्हती," ते म्हणाले. "लेखी आहे."

दुपारपर्यंत शेडच्या निम्म्या भागात टेबल, बाक आणि खिडकीशी मशीन आलं, उरलेल्या निम्म्यात किटली. दोन्हींच्या मधे जेमतेम एक माणूस आडवा चालेल एवढी वाट राहिली. मिस्त्री पाना घेऊन गाडीत बसले आणि मशीनचा खडखडाट ऐकत बसले. त्यांना बरं वाटत होतं, पण ते कुणाला सांगायची गरज नव्हती.

खडखडाट थांबला. "अहो, तुमच्या दिव्याची सावली पडतेय कापडावर. जरा मागे घ्या तिला."

"किती?"

"चार बोटं."

मिस्त्रींनी उलटा गिअर टाकला. मान काही वळवली नाही. मागचं बघायला ती होती.